मिठाला जागलेले मेंबर

हिंगोलीकडल्या साखऱ्याचे दगडोबा पाटील हैदराबादच्या कायदेमंडळावर निवडून गेले, असं त्यांच्या घरचे लोक सांगतात. यातला ‘निवडून’ हा शब्द जरा सैल वापरलेला आहे. सेहेचाळीस साली मुलखातल्या जाणत्या माणसांनी ठरवलं होतं, की हे मंडळ म्हणजे सरकारनं रयतेच्या तोंडाला पुसलेली पानं आहेत, त्याच्या निवडणुकीत कोणी उभं राहू नये. त्यामुळे जे जाणते नव्हते त्यांना एकाएकी भाव आला. तहसीलदारांना या भागातून जमीनवाल्यांच्या वतीनं एक माणूस हवा होता. त्याला सही करता यावी, त्याच्यावर फौजदारी नसावी आणि त्याला बोलायची हौस नसावी. पहिल्या दोन अटींत बसणारे पुष्कळ निघाले. तिसरीत एकटे दगडोबा बसले.

समोर कोणी उभंच राहिलं नाही. तरी निकालाच्या दिवशी पाटलांनी हलगी लावून मिरवणूक काढली आणि मारुतीच्या पारावरून ‘दुश्मनांची जिरवली’ असं एका वाक्याचं भाषण केलं. दुश्मन कोण, हे पाटलाला विचारायची गावात रीत नव्हती.

दगडोबांची पंचक्रोशीत कीर्ती होती ती एका गोष्टीसाठी. ते मिठाला जागत. ज्याच्या घरी जेवले, त्याच्याविरुद्ध त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. एकदा चुलतभावाच्या बांधाचं भांडण चावडीत आलं. आदल्या दिवशी दगडोबा नेमके समोरच्या पार्टीच्या घरी बारशाला जेवले होते. बांध भावाचा होता, हे त्यांना स्वतःच्या पायानं माहीत होतं. लहानपणी दोघांनी त्याच बांधावर बोरं खाल्ली होती. पण मीठ दुसऱ्याचं होतं. त्यांनी भावाविरुद्ध साक्ष दिली. भावाचा बांध गेला आणि शेजारच्या गोरेगावच्या बाजारात लोक म्हणाले, “माणूस असावा तर असा, इमानाचा!”

त्यांची बायको शकुबाई मात्र या इमानाला कधी भाळली नाही. ती म्हणाली, “आवं, देवानं डोकं दिलं ते काय पागोटं ठिवायला? जो जेवाय घालील त्याचं खरं, आन उपाशी त्याचं खोटं व्हय?”

“तुला न्हाई कळायचं,” दगडोबा म्हणाले. “मोठ्या मानसाचं लक्षण हाय हे.”

मोठ्या माणसाचं असेल नसेल, आळशी माणसाचं मात्र नक्की होतं. कोण बरोबर, कोण चूक, याचा विचार करायची दगडोबांना लहानपणापासून तकलीफ होई. मिठानं ती परभारे मिटवली होती. आपण जेवायचं आणि निकाल पोटानं द्यायचा.

हैदराबादला निघताना मात्र त्यांना घोर पडला. मंडळात दोन तट आहेत आणि नव्या मेंबराला दोन्ही तट जेवायला बोलावतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. दोघांचं मीठ पोटात गेलं तर माणसानं कुठल्या बाजूला बसायचं? विचार करकरून त्यांनी तोड काढली. कोणाकडेच जेवायचं नाही. शकुबाईनं दशम्या, शेंगांची चटणी आणि मेतकूट बांधून दिलं. हिंगोलीहून पूर्णा आणि पूर्णेहून पुढे हैदराबाद, अशी आगगाडी बदलून नवी शेरवानी चढवलेले दगडोबा पाटील दशम्यांच्या गाठोड्यासकट रयतेचं प्रतिनिधित्व करायला पोचले.

चहाला मात्र त्यांनी मुभा ठेवली. चहात साखर असते, मीठ नसतं. साखरेला जागावं असं कुठल्या पोथीत सांगितलेलं नाही. त्यामुळे दगडोबा दोन्ही तटांचा चहा पीत आणि दोन्हीकडच्या लोकांना मान डोलावून दाखवत. मान डोलावण्यातही मीठ नसतं.

सरकारी बाकांचे म्होरके जहागीरदार मोहनसिंग. पिळदार मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि आवाज असा मऊ, की शिवीसुद्धा अत्तर लावून येई. समोरच्या बाकांचे म्होरके विष्णुपंत वकील. यांना रयतेचा एवढा कळवळा, की रयतेतला एखादा माणूस प्रत्यक्ष भेटायला आला तर त्यांच्या बोलण्यात खंड पडे, म्हणून ते कारकुनाकरवी त्याला परत पाठवीत.

पहिल्या बैठकीत दगडोबा भारावून गेले, हे खोटं नाही. एक जण बोलत असला की बाकीचे गप्प बसत. जो बोले तो अध्यक्षांकडे तोंड करून बोले. ज्याच्या सूचनेवर वाद झाला त्याला शेवटचा शब्द मिळे. आणि एक रीत तर त्यांना फार आवडली. एका तटाचा मेंबर आजारी पडला, तर मतमोजणीच्या वेळी दुसरा तट आपलाही एक मेंबर बाहेर बसवी. बैलजोडीतला एक लंगडला तर दुसऱ्यालाही जुवातून सोडतात, तसं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. न लिहिताही पाळतात, याचंच दगडोबांना अप्रूप वाटलं. गावी येऊन त्यांनी पारावर सांगितलं, “लई अदबीची जागा हाय. आपल्या चावडीवानी कालवा न्हाई.”

हे बोलून ते परत गेले तोवर चावडी पुष्कळ बरी, अशी वेळ आली होती.

कोणी कधी सुरुवात केली, हे नंतर दोन्ही तट एकमेकांकडे बोट दाखवून सांगत, त्यामुळे कळायला मार्ग उरला नाही. विष्णुपंत बोलायला उठले की सरकारी बाकांना एकदम खोकल्याची साथ येई. मोहनसिंग उठले की समोरच्या बाकांवर मेजं वाजत. प्रश्न विचारायचा तास होता, तो आधी अर्धा झाला, मग ज्या दिवशी उत्तर अडचणीचं असेल त्या दिवशी रद्द होऊ लागला. शेवटचा शब्द देण्याची पद्धत गेली, कारण शब्द ऐकायला कोणी थांबत नव्हतं. कायद्याचे मसुदे वाचून दाखवणं बंद झालं. आपल्या तटाचा असेल तर न वाचता चांगला, त्यांचा असेल तर न वाचता वाईट, मग वाचण्यात सरकारचं तेल कशाला जाळा? बाहेर मुलखात वणवा पेटला होता, हे राज्य राहणार की जाणार याचीच लोकांना भ्रांत होती. आत या थोर मंडळींचं भांडण चाललं होतं ते पहिल्या बाकावर खिडकीजवळ कोणी बसायचं यावर. त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि एक दौत फुटली.

दगडोबांनी शेजारच्या मेंबराला विचारलं, “आवो, ह्यांचं भांडण काहून हाय पण?”

“ते तिकडे बसतात म्हणून,” शेजारी म्हणाला.

“आन आपण?”

“आपण इकडे बसतो म्हणून.”

दगडोबांना ते पटलं. साखऱ्यात वरची आळी आणि खालची आळी यांचंही असंच होतं. फरक इतकाच, की आळ्यांना पोळ्याला एकत्र यावं लागे.

त्या साली जवारी कणसात आली आणि पावसानं मुक्काम ठोकला. दाणा काळा पडला, ताटं आडवी झाली. साखऱ्यापासून गोरेगावापर्यंत हेच. आणि वरून सरकारची लेव्ही होती. लेव्ही म्हणजे सक्तीनं घालायचं धान्य, आणि ते शेतात किती पिकलं यावर नाही, तर कागदावर जमीन किती यावर. काळ्या जवारीचा कागदाला काळा डाग लागत नाही. पेवात जे थोडंफार जुनं चांगलं धान्य होतं तेच आता लेव्हीत जाणार होतं. म्हणजे खायचं जाणार आणि पेरायचंही जाणार.

दगडोबा गावी आले होते तेव्हा संतराम त्यांच्या ओसरीवर येऊन बसला. संतरामाचं शेत दगडोबांच्या शेताला लागून, ओसरीवरून हाक पोचेल इतकं जवळ होतं. माणूस कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बोलला तेव्हाही जमिनीकडे बघून बोलला.

“पाटील, माज्या पेवात बियाण्यापुरती जवारी हाय. तेवढी ऱ्हायली तर फुडल्या साली उभा ऱ्हाईन. गेली तर न्हाई.”

“मंग?”

“आमी ऐकलं, मंडळात कुणी तरी म्हनून राहिलंय, लेव्ही खळ्यावरच्या राशीवर घ्या. जेवढं पिकलं त्यातून. तसं झालं तर आमच्या गावातून काय घेनार? काळी जवारी?”

“आलं हाय तसं एक,” दगडोबा म्हणाले. हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

“मंग तुमी फकस्त हात वर करायचा. भाषण नगं, काय नगं. तुमाला कुठं म्हनलं बोला म्हनून?”

आतून शकुबाई म्हणाली, “हात तरी वर व्हईल का न्हाई ते बी विचारून घे, संतराम भाऊजी.”

“व्हईल!” दगडोबा तापले. “संतरामा, शब्द दिला तुला. तुमचं गावचं तर मी जलमापासून खाऊन राहिलो. तुमच्याविरुद्ध जाईन व्हय?”

संतराम पाया पडून गेला.

सूचना चांगली होती. तिच्यात दोष एकच होता, की ती विष्णुपंतांनी मांडली होती. त्याहून गंमत अशी, की सहा महिन्यांपूर्वी हीच सूचना मोहनसिंगांनी मांडली होती आणि तेव्हा विष्णुपंतांनी ती ‘रयतेच्या गळ्याला नख’ म्हणून हाणून पाडली होती. आता विष्णुपंतांनी तीच शब्दाला शब्द उचलली आणि मोहनसिंगांना ती ‘राज्याच्या कोठाराला खिंडार’ वाटू लागली. मधल्या काळात जवारी तीच होती, रयत तीच होती. सूचना फक्त वाट ओलांडून समोरच्या बाकावर गेली होती.

अध्यक्षांनी मध्यस्थी करून पाहिली. मोहनसिंग म्हणाले, सूचनेवर दोघांचंही नाव घाला, आम्ही हात वर करतो. विष्णुपंतांनी ते साफ नाकारलं. त्यांच्या नावाला दुसऱ्याचं नाव लागलं तर रयतेचं काय भलं होणार? ती सूचना आपल्या एकट्याच्या नावावर मंजूर व्हावी, नाही तर आपल्या एकट्याच्या नावावर पडावी, हा त्यांचा बाणा होता.

डोकी मोजली तेव्हा दोन्ही तट बरोबरीचे निघाले. त्यातच विष्णुपंतांच्या तटातला एक म्हातारा मेंबर दवाखान्यात पडला. जुन्या रीतीनं मोहनसिंगांनी आपला एक माणूस बाहेर बसवायचा. त्यांनी बसवला नाही. “ती रीत कुठे लिहिलेली आहे, दाखवा,” असं ते मऊ आवाजात म्हणाले, आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की खरंच कुठे लिहिलेली नाही. एवढे दिवस ती पाळली गेली याचंच मग हसू झालं. हसणाऱ्यांत विष्णुपंतांच्या बाकावरचेही दोघे होते. पुढे आपल्यालाही हे उपयोगी पडेल, हे त्यांनी लगेच ओळखलं असावं.

आता कुठल्याच तटाचा म्हणून न मोजलेला एकच हात उरला होता. तो दगडोबा पाटलांचा. त्यांनी सूचनेच्या बाजूनं वर केला की बरोबरी होणार होती, आणि बरोबरी झाली तर आपण सूचनेला कौल देऊ, असं अध्यक्षांनी बोलून दाखवलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा दगडोबांची किंमत झाली. सकाळीच विष्णुपंतांनी पेढे पाठवले. दगडोबांनी ते चाखून, मीठ नाही याची खात्री करून, सगळे संपवले. दुपारी मोहनसिंगांनी चहाला बोलावलं.

“आइए पाटीलसाहेब! तुम्ही जेवत नाही कोणाकडे, हे आम्हाला मालूम आहे. बडी उसूलवाली बात. म्हणून फक्त चाय.”

चहाबरोबर बशीत बिस्किटं होती, इराण्याच्या भट्टीतली, ताजी, तोंडात टाकली की विरघळणारी. दगडोबांनी साखऱ्यात असलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी एक खाल्लं. मग दुसरं. बशी सरकवायला मोहनसिंग स्वतः वाकले, म्हणून तिसरंही खाल्लं.

“कशी आहेत?”

“ग्वाड हाय. पन मागून जिभेला कायतरी...”

“नमक,” मोहनसिंग म्हणाले. “मिठाईत चिमूटभर नमक, हीच तर भट्टीवाल्याची खुबी.”

दगडोबांचा घास तोंडात राहिला. मोहनसिंगांनी काठी उचलली, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “चला, घंटी झाली.”

मोहनसिंगांना ठाऊक होतं का? दगडोबांची ही ख्याती पूर्णा टेसनापासून चारमिनारपर्यंत कोणाला ठाऊक नव्हती! पण त्यांना एवढंच ठाऊक होतं, की हा माणूस मिठाला जागतो. दगडोबांना त्याहून जास्त ठाऊक होतं. बिस्किट घशाखाली उतरताना त्यांच्या छातीवरून जे ओझं उतरलं ते त्यांनी नीट ओळखलं. आठवडाभर त्यांना झोप नव्हती. मोहनसिंगांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याविरुद्ध हात वर करायचा, या विचारानंच त्यांच्या काखेत घाम येत होता. आता प्रश्नच मिटला.

आणि गावाचं मीठ? तेही त्यांनी दालनाच्या पायऱ्या चढता चढता निकालात काढलं. जुनं मीठ अंगात मुरतं, त्याचा हिशोब सावकाश होतो. ताजं मीठ लगेच हाक मारतं. असा नियम कोणी केला होता? कोणीच नाही. पण त्या इमारतीत आता नियम असेच होत होते.

मतमोजणी झाली ती कालव्यातच. एका बाजूनं मेजं वाजत होती, दुसरी बाजू ‘शेम शेम’ ओरडत होती. सूचनेच्या बाजूनं हात वर झाले तेव्हा दगडोबा शेरवानीची बटणं मोजत बसले. विरुद्ध हात मागितले तेव्हा त्यांनी हात वर केला, कोपरापर्यंतच, पण मोजणाऱ्याला तेवढा पुरला. सूचना पडली.

सगळ्यांत आनंदी विष्णुपंत दिसले. बाहेर पायरीवर त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं, “बरं झालं. मंजूर झाली असती तर लोक महिन्याभरात विसरले असते. आता दोन वर्षं बोलता येईल.” मग दगडोबा दिसले तेव्हा त्यांनी मान फिरवली, पण फार नाही. पुढच्या मोजणीला हा हात लागणार होता.

गावी दगडोबांनी पारावर सगळं खरं खरं सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं. बिस्किट, मीठ, इमान. ऐकणाऱ्यांपैकी काही जणांनी माना हलवल्या, व्हय, मीठ ते मीठच, म्हणून. इतक्या वर्षांची सवय.

संतराम उठला. “मेंबर,” तो म्हणाला. ‘पाटील’ म्हणाला नाही. “बिस्किट कितीक मोठं असतंय?”

दगडोबांनी बोटांनी दाखवलं.

संतरामानं ते बघितलं आणि तो घरी गेला.

लेव्हीच्या गाड्या आल्या. संतरामाचं पेव उघडलं, झाडून नेलं. दगडोबांच्या शेतातली बरीच जमीन त्या साली पिकांची नोंद करणाऱ्या गिरदावराच्या कागदावर पडीक निघाली, त्यामुळे त्यांचं पेव उघडायची गरज पडली नाही. हे त्यांनी मागितलं नव्हतं. मेंबराला मागावं लागत नाही. शकुबाईनं आपल्या हातानं एक पोतं भरून संतरामाच्या दारात नेऊन ठेवलं. संतरामाच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, ते दारातच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, साऱ्या गावादेखत, दोघं नवराबायको बैल हाकत वाशिमच्या वाटेला लागली. तिकडे वऱ्हाड, इंग्रजांनी सोडलेला मुलूख, तिथे ही लेव्ही नव्हती. पोतं दारात तसंच होतं. ते दगडोबांनी परत आणलं. धान्याची नासाडी त्यांना बघवत नसे.

पेरणीच्या वेळी संतरामाच्या शेतात कोणी पाऊल ठेवलं नाही. मधला बांध दगडोबांच्या गड्यानं औत वळवायला म्हणून थोडा फोडला, आणि औत पुढे वळलंच नाही, सरळ गेलं.

मग भादव्यात फौजा आल्या, चार दिवसांत निजामशाही आटोपली आणि मंडळही आटोपलं. ते बरखास्त झाल्याचं दगडोबांना पंधरा दिवसांनी हिंगोलीत कोणीतरी सांगितलं. तोवर त्यांनी शेरवानी पेटीत टाकून पांढरी टोपी शिवून घेतली होती. फौजेच्या स्वागताला जी कमिटी झाली तिचे ते अध्यक्ष होते, बिनविरोध.

दिवाळीच्या सुमाराला संतराम परत आला. थेट ओसरीवर आला. खाली बसला नाही.

“माजं शेत कोन पेरलंय?”

“पडीक ऱ्हायलं असतं रे,” दगडोबा म्हणाले. “पटवाऱ्यानं कसनाऱ्याचं नाव लावलंय. मी काय करू? आता नवं सरकार आलंय, तेच बघंल समदं.”

“आन माजी जवारी?”

“ती मंडळाच्या कायद्यानं गेली, संतरामा. माज्या हातात काय हुतं?”

“मंग मंडळाला मागतो.”

“ते आता न्हाई.”

“त्यात बसत हुते ते?”

“ते बी न्हाईत. जिकडंतिकडं गेले. जहागीरदार तिकडं, वकीलसाहेब हिकडं नव्या कमिटीत.” दगडोबांनी टोपी सारखी केली. “तकरार आसंल तर लिहून आन. कमिटीच्या फुडं ठिवतो. अध्यक्ष मीच हाय.”

संतराम पायऱ्या उतरला आणि शेताकडे गेला. उभ्या जवारीत शिरून त्यानं बांध कुठं होता ते पायानं चाचपून पाहिलं. मग तिथेच बसून त्यानं हातानं माती ओढून बांध घालायला सुरुवात केली. दगडोबांनी ओसरीवरून हाक मारली, “संतरामा, कायद्यानं चाल!” शकुबाईनं कोनाड्यातलं खुरपं घेतलं, नवऱ्यासमोरून ओसरी उतरली आणि शेताच्या वाटेनं निघाली.